डबल बेल

संपाचा चोविसावा दिवस,
माझ्या कागदावर अठरा बाया आणि एक गडी.
गडी म्हणजे हिलाल. एरंडोल डेपो, कंडक्टर.
पँट खाकीच, वर लग्नातला चौकड्यांचा शर्ट.

टेम्पोवाला विसाचे चाळीस घेत होता,
आणि आम्ही शिव्या देत होतो डेपोला.
निकम सर फाट्यावर म्हणाले, जावई आहेत सरकारचे,
दोरी ओढायचा पगार खातात.
सर स्वतः मार्चात पेन्शनसाठी
सात दिवस तालुक्याला सतरंजीवर बसले होते.
मी आठवण दिली नाही,
नात त्यांच्याच वर्गात आहे.

आणि खरं सांगू? मीही त्याच मताची.
तेरा वर्षं त्या फाट्यावर हात वर केलाय.
भरलेली गाडी जाते, रिकामीही जाते,
तोंडावर फुफाटा टाकून जाते.
एकदा थांबली, तर बोचक्याचं तिकीट मागितलं.
बोचकं नव्हतं ते,
गोधडीत नातू झोपला होता.

ठगूबाईनं पहिल्याच सरीत धरलं त्याला:
"आम्हीन हात दाखाडूत, तू थांबे नही ना भो?
आते मार डबल बेल, पऱ्हाटीले!"
बाया हसल्या. तोही हसला, जरा उशिरानं.
अंगठा जिभेला लावून बोंडाला लावायचा,
जसं तिकीट सुटं करावं.
मशीन आलं, तरी बोटं जुनीच राहिली असतील.
दुपारपर्यंत त्याचे अकरा किलो, ठगूबाईचे अठ्ठावीस.

भाकरी खाताना यमुनानं विचारलं, "काय कमी शे तुले?"
तो म्हणाला, पगार सातला यायचा, तो सतराला येतो,
कधी अर्धाच. मुक्कामाला गाडीतच झोपायचं,
रात्रभर डास.
पगारावर कुणी बोललं नाही.
डासांवर मात्र सगळ्या बोलल्या.

तिसऱ्या दिवशी भाईदास अण्णांनी भाव पाडला.
दव पडलंय, कापूस ओला,
किलोमागं रुपया कमी.
कुणी काही ठरवलं नाही.
ठगूबाई बांधावर जाऊन बसली, तंबाखू मळू लागली.
मग यमुना. मग सगळ्याच.
संप नव्हता तो.
संप डेपोत असतो, मंडपात असतो,
त्याला पेपरात फोटो लागतो.
आम्ही नुसत्या बसलो होतो.

हिलाल एकटा पऱ्हाटीत, ओटी अर्धी भरलेली.
हात थांबेनात त्याचे.
घरी गॅसची टाकी, पोरीची फी, अजून काय, त्यालाच ठाऊक.
आमच्यादेखत पाच बोंडं वेचली त्यानं.
मी मोजली. मुकादमीण आहे, मोजणं माझं काम,
किलोमागं चार आणे अण्णांकडूनच येतात मला.
तुझी बाजू कोणती, असं कुणी विचारलं नाही.
बरं झालं.

सहाव्या बोंडाशी हात तसाच राहिला.
आला बांधाकडे, मान खाली घालून.
बाभळीची सावली टीचभर, जागा कुठं होती?
ठगूबाईनं कोपरानं ढोसलं सगळ्यांना:
"सरका, पुढे सरका,
मांगे जागा खाली शे!"

अण्णांनी आठ आणे वाढवले. आम्ही उठलो.

चैत्रात गाड्या सुरू झाल्या.
परवा फाट्यावर मी हात केला,
पायरीपर्यंत भरलेली गाडी,
काचेआड हिलाल, पुरा खाकीत.
त्यानं मला पाहिलं. नक्की पाहिलं.
दोरीवरचा हात दिसला,
टण्, टण्.
गाडी गेली.

मी खणखणीत शिवी हासडली,
त्याला, डेपोला, सगळ्या युनियनला.
दातांखाली फुफाटा कचकचत होता.

मग टेम्पो आला. म्हणाला, चाळीस.
मी म्हटलं, वीस.
आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसले.
मागून यमुना आली,
तिच्यासाठी मी जरा सरकले.